ओवाळून न टाकलेली भाकर

जालन्यात पोलंडवर बोलणारा एकच माणूस होता आणि तो रोज बदनापूरहून पॅसेंजर गाडीनं यायचा. कॉलेजात इतिहास शिकवायचा, म्हणून सगळे त्याला सर म्हणायचे. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम पिशवी आणि पिशवीत कुणालाही न समजणारी मासिकं. आठवड्यातून एकदा एका वाचनालयाच्या माडीवर ह्या सरांचं अभ्यासमंडळ भरायचं. तिथं दहा-बारा माणसं चहा पीत जगाचे प्रश्न सोडवायची आणि जिना उतरल्यावर गावात नळाला पाणी का येत नाही, यावर मात्र गप्प बसायची. व्हिएतनाम झालं, चिली झालं आणि एक्क्याऐंशी साली पोलंड निघालं. तिकडं कामगारांनी संप केले, डिसेंबरात लष्करानं रस्त्यावर रणगाडे आणले आणि इकडं सरांना कंठ फुटला.

सर स्वतः औरंगाबादच्या पुढं फारसे कधी गेलेले नव्हते. पण वॉर्सातल्या कोणत्या कारखान्यातला मजूर कुणाच्या पैशावर नाचतो, हे त्यांना बराबर ठाऊक! संप म्हणजे पाद्र्यांची फूस, रणगाडे म्हणजे ऐतिहासिक गरज. "पोलंड हा देश नाहीच, ती इतिहासाची एक चूक आहे," असं ते डोळे मिटून म्हणायचे आणि पोरं वहीत लिहून घ्यायची. पुढं काही वर्षांनी तिकडचं ते सरकारच गडगडलं, तेव्हा ह्याच माणसानं 'मी हे आधीच सांगितलं होतं' म्हणून गावच्या पेपरात लेख छापून आणला. पडलं तरी नाक वर, ते असं.

हे सर माझे सासरे होणार होते. आणि माझी आई पोलंडची होती.

आईचं सांगते. ती पोलंडच्या पूर्वेकडच्या एका खेड्यातली. युद्ध सुरू झालं तेव्हा एका बाजूनं जर्मन आले, दुसऱ्या बाजूनं रशियन आले आणि मधल्या लोकांना कुणी काही विचारलं नाही. भर थंडीत गुरांच्या डब्यात कोंबून त्यांना सायबेरियात नेलं. तिथं तिची आई उपासानं गेली. सुटका होऊन इराणला पोचल्या पोचल्या भाऊ गेला, त्याला तिथल्या वाळूत पुरलं. बाप फौजेत गेला, तो गेलाच. उरलेली ही पोर हजारो बायकापोरांबरोबर बोटीनं आपल्या देशात आली आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्या लोकांची जिद्द बघा. परक्या मुलखात, चटयांच्या भिंतींच्या खोल्यांत राहून त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभं केलं, नाटकं बसवली, दारापुढं फुलझाडं लावली. त्यांचा देश आधी सव्वाशे वर्षं नकाशावरच नव्हता, तीन राजांनी वाटून खाल्ला होता. त्या वेळेपासून ह्यांच्या बायकांना सवयच, की देश बाहेर सापडत नसेल तर घरात सांभाळायचा, चुलीपाशी, पोरांशी बोलताना. युद्ध संपलं तेव्हा आईचं गाव नकाशात सरकून भलत्याच देशात गेलेलं. परत जाणार कुठं?

माझे वडील तेव्हा छावणीला धान्य पुरवणाऱ्या कचेरीत कारकून होते. त्यांनी तिच्याशी लग्न केलं. वडिलांनी आयुष्यात केलेलं हे एकच धाडस, आणि त्यानंतर ते इतके दमले की मरेपर्यंत दुसरं काही केलं नाही.

कारण जालन्याला आणताना त्यांनी घरी काय सांगावं? मुलगी कोकणातली आहे! रत्नागिरीकडची, कोकणस्थ, अनाथ, मिशनऱ्यांनी वाढवली म्हणून बोलणं जरा वेगळं. घारे डोळे, गोरा रंग, सगळं बसलं. आम्ही पिढ्यानपिढ्यांचे मराठवाड्यातले देशस्थ, आमच्या घरातल्यांना कोकणस्थ म्हणजे तसाही अर्धा परदेशच. खरं काय ते फक्त माझ्या काकांना ठाऊक. काका वडिलांचे धाकटे भाऊ आणि धंद्यानं वकील, तेव्हा खोटं कसं टिकवायचं हे त्यांना शिकवावं लागलं नाही. वडील गेल्यावर ह्या खोट्याची राखण काकांकडं आली आणि त्यांनी ती शेताच्या बांधासारखी केली. गल्लीला काय समजत नव्हतं? सगळं समजत होतं. पण कधी ना कधी प्रत्येकाला कोर्टात काकांची गरज पडायची. त्यामुळं गल्ली मूग गिळून बसली.

गंमत म्हणजे आई मराठी शिकली ती आमच्याकडं धुणंभांडी करणाऱ्या मावशीकडून. "भावजी, मी भाकरी करून राह्यले, जरा दम धरा, मंग वाढते," असं ती काकांना म्हणायची. रत्नागिरीची कोकणस्थ बाई आणि 'करून राह्यले'! पाहुणे एकमेकांकडं बघायचे, काका खाकरायचे आणि म्हणायचे, "इथलं पाणी लागलं वहिनींना."

घरात तिनं काय काय सोडलं, त्याची मोजदाद नाही. नाव सोडलं, सासरी ठेवलेलं घेतलं. चर्च सोडलं. मांसमच्छी सोडली. पण काही गोष्टी तिनं अशा चोरवाटेनं आत आणल्या की भल्याभल्या वकिलाला पत्ता लागू नये. गावात ज्या शेपूच्या भाजीला पोरं नाक मुरडतात, ती शेपू आई काकडीत घालायची, बटाट्यात घालायची, ताकात घालायची. तिच्या गावाकडं शेपूशिवाय पान हलत नाही म्हणे. ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील तिनं पहिल्यांदा चाखली तेव्हा ती रडली, कारण तिची आई राई नावाच्या त्यांच्याकडच्या धान्याच्या पिठाचं असंच आंबट सार करायची. काकांना वाटलं, वहिनींना तिखट लागलं. माणसाला शिक्षण असून उपयोग नाही, समोरच्याकडं बघावं लागतं.

एकच गोष्ट तिला कधी जमली नाही. भाकर टाकायला जमली नाही.

हे आमच्या घरात तीस वर्षं कुजबुजून सांगितलं जाई. नवी नवरी म्हणून ती पहिल्यांदा जालन्याच्या घराच्या उंबऱ्यापाशी उभी राहिली तेव्हा रीतीप्रमाणं माझ्या आजीनं भाकरतुकडा ओवाळला. नवराबायकोवरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळायचं, वाटेतली सगळी दृष्ट, पीडा त्या तुकड्यात घ्यायची आणि तो लांब फेकून द्यायचा. आजीनं तुकडा ओवाळला आणि फेकला. आणि नव्या नवरीनं काय करावं? ती पळत गेली, धुळीतला तुकडा उचलला, त्याचा मुका घेतला आणि खाऊन टाकला. तिच्या देशात भाकर खाली पडली तर उचलून ओठाला लावतात. त्यात ही सायबेरियातून आलेली, भुकेनं आई मेलेली बघितलेली पोर. तिला वाटलं, म्हातारीच्या हातून पडला. इकडं बायकांनी बोंब ठोकली. नवऱ्यावरची सगळी पीडा बाईनं खाल्ली! पुढं वीस-पंचवीस वर्षांनी वडील हृदयविकारानं गेले, तर त्याचंही खापर त्याच तुकड्यावर फुटलं. वडील रोज पन्नास बिड्या ओढायचे, पण बिडीला कुणी दोष दिला नाही.

असो. जालना जिल्हा झाला त्याच वर्षी मला नव्या जिल्हा कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि काकांनी माझ्या लग्नाचा विषय काढला. सव्वीस वर्षांची घोडी झाले होते. स्थळं यायची, पोहे खायची, आईच्या डोळ्यांकडं बघायची आणि 'कळवतो' म्हणून जायची. तेवढ्यात बदनापूरच्या सरांचा मुलगा सांगून आला. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. हुंडा नको, पत्रिका नको, खर्चा कमी करा, असा निरोप. काकांना आभाळ ठेंगणं झालं.

बघायला आले त्या दिवशी सर आमच्या बैठकीत पोलंडवर बोलत बसले. मुलगी राहिली बाजूला! आई पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. सर म्हणत होते, "हे लोक स्वतःच्या नाशाला स्वतः कारण आहेत. चूक आहे ती. इतिहासाची चूक." मग सौजन्य म्हणून आईकडं वळून विचारतात, "काय वहिनी, तुमच्या कोकणात काय म्हणतात पोलंडबद्दल?"

काकांच्या घशात पोहे अडकले.

"कोकणात काय म्हणत्यात, मला न्हाई म्हाईत," आई म्हणाली. शब्दन् शब्द खरा. आत आल्यावर तिनं मला विचारलं, "हा माणूस किती दिवस व्हता गं पोलंडात?"

"पॅसेंजरच्या पुढं गेला नाही तो, आई."

ती हसली नाही. रात्री-अपरात्रीच नाही, अगदी भर दुपारीसुद्धा ती रेडिओला कान लावून बसायची त्या दिवसांत. बातम्यांत तिच्या देशाचं नाव एकदा यायचं, कधी यायचंही नाही. काका येता-जाता आवाज बारीक करायचे.

मुलगा मला आवडला होता, हे मी लपवत नाही. बोलायला मऊ, वाचणारा, हसताना मान खाली घालणारा. म्हणून मी ठरवलं, की ह्याला तरी खरं सांगायचं. लग्न ठरल्यावर कचेरीच्या कामानं बदनापूरला गेले होते, परतीच्या गाडीला वेळ होता आणि तो मला स्टेशनवर सोडायला आला होता. बाकड्यावर बसून मी सगळं सांगितलं. आई कुठली, कशी आली, कोकण कसं खोटं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला काही फरक पडत नाही. उलट चांगलंच आहे. फक्त बाबांना इतक्यात नको. मी सांगतो त्यांना, योग्य वेळी."

योग्य वेळी! ह्या माणसांची ती योग्य वेळ कोणत्या गाडीनं येते, देव जाणे. पण तेव्हा मला तो शब्द गोड लागला. मी त्या दिवशी गाडीत खिडकीशी बसून हसत होते, वेड्यासारखी.

लग्न ठरलं तशी काकांची पळापळ सुरू झाली. आमच्याकडं नवरीला बोहल्याकडं मामानं आणायचं असतं. आता मामा आणायचा कुठून? मामा इराणच्या वाळूत. तर काकांनी मामा पैदा केला. जालन्याला एका बँकेत बदलून आलेला एक कोकणस्थ कॅशियर होता, घारा, गोरा, नाकेला. त्याला काकांनी कसल्याशा दाव्यातून सोडवलं होतं. तो बिचारा फेटा बांधून माझा मामा झाला. आई त्याच्याकडं बघत होती. तिनं मला एकदाच सांगितलं होतं की तिच्या भावाचे केस मक्याच्या तुऱ्यासारखे होते. ह्या मामाला टक्कल होतं.

लग्नाआधी आठवडाभर काका स्वयंपाकघरात पाटावर बसून आईला समजावत होते. हे बोलायचं नाही, ते बोलायचं नाही, व्याह्यांनी माहेर विचारलं तर डोळ्याला पदर लावायचा. आई भाकरी थापत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "भावजी, मी तुमचं समदं ऐकलं. तीस वर्षं ऐकून राह्यले. आता माझी एक गोष्ट ऐका. पोरगी आणि जावई मांडवपरतणीला येतील तवा दारात भाकर मी देईन. माझ्या हातानं."

काका एकदम खूश. मांडवपरतणी म्हणजे लग्नानंतर जोडपं पहिल्यांदा मुलीच्या माहेरी येतं ते. आणि दारात भाकरतुकडा ओवाळणं तर मुलीच्या आईचं कामच! "अहो वहिनी, त्यात विचारायचं काय? तुम्हीच करायचं ते. फक्त मागच्यासारखं उचलून खाऊ नका म्हणजे झालं."

"मी न्हाई खाणार," आई म्हणाली. तेही खरंच होतं.

मला समजलं होतं. तिच्या देशात लग्न लागून जोडपं दारात आलं की आईबाप त्यांना भाकर आणि मीठ देतात. दोघांनी ते खायचं, मगच आत पाऊल टाकायचं. तुमच्या घरात भाकर कधी संपू नये आणि मिठासारखं कडू-खारट दोघांनी मिळून खावं, एवढाच त्याचा अर्थ. युद्धाआधी तिच्या आईनं तिच्या मोठ्या बहिणीला दिली होती, ती बहीण सासरी गेली आणि पुढं युद्धात तिचा पत्ता लागला नाही. तिला स्वतःला कुणी दिली नाही. तिच्यावरून ओवाळून फेकली. एवढं सगळं सोडलेल्या बाईनं आयुष्यात एक मागणं मागितलं होतं, की माझ्या लेकीनं आणि तिच्या नवऱ्यानं माझ्या हातची मीठभाकर खाऊन माझ्या घरात यावं. चांदी नाही, सोनं नाही. ज्वारीची भाकर.

लग्न साधेपणानं झालं, म्हणजे सरांनी भाषणात तसं सांगितलं. बाकी मुहूर्त बघितलाच, हळद लागलीच, देवक बसलंच. "लोकांसाठी करावं लागतं," सर म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान! ह्याच माणसानं बुवाबाजीवर, नवसावर, दृष्ट काढण्यावर व्याख्यानं झोडलेली. आमच्या कचेरीतल्या पोरांना ती पाठ होती.

मांडवपरतणीला आम्ही बदनापूरहून जीपनं निघालो. सर पुढं ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागं. मी नवऱ्याला हळूच सांगितलं, "आई दारात भाकर देईल, मीठ लावून. ती ओवाळायची नाही, खायची. तिची फार इच्छा आहे हो."

"खाऊ की. त्यात काय एवढं?" तो म्हणाला आणि मान खाली घालून हसला. माझा जीव भांड्यात पडला.

उन्हाळ्याची दुपार. गल्लीतल्या सगळ्या बाया ओट्यांवर येऊन बसलेल्या, नवी जोडी बघायला. आमच्या दारात काका, मामा म्हणून जेवायला बोलावलेला तो कॅशियर आणि मधोमध आई. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात ताट. ताटात एक आख्खी भाकर आणि वाटीत मीठ. पाण्याचा तांब्या काकांनी आणून शेजारी ठेवला होता. मी तिला इतकी नटलेली आणि इतकी घाबरलेली कधी बघितली नव्हती.

आम्ही उंबऱ्यापाशी उभे राहिलो. आईनं भाकर मोडली, तुकडा मिठात टेकवला आणि माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला.

"अगं बाई गं! दृष्टीचा तुकडा खाल्ला पोरीनं!" समोरच्या ओट्यावरनं आवाज आला. मंग काय, सगळ्या उठल्याच. "थुंक गं, थुंक जल्दी!" "आईचीच गत झाली पोरीची!" जीपच्या ड्रायव्हरनं सुद्धा कानाला हात लावले.

आईनं कुणाकडं बघितलं नाही. दुसरा तुकडा मोडला, मीठ लावलं आणि जावयापुढं धरला. त्याचा हात वर आला. आला म्हणजे काय, छातीपर्यंत आला. तेवढ्यात सर पुढं झाले आणि त्यांनी मुलाचा दंड धरला. "थांब. हा काय प्रकार आहे, वकीलसाहेब?"

काका हसले. ते कोर्टातलं हसणं मी ओळखते. "काही नाही, काही नाही. कोकणात अशीच पद्धत असते."

"असती का हो?" ओट्यावरच्या एका म्हातारीनं थेट आमच्या मामालाच विचारलं. कॅशियर लालबुंद झाला. "म्हणजे... आमच्याकडं... मी तरी कधी पाहिली नाही," तो म्हणाला. काय करणार बिचारा, खोटं बोलायची रीतसर सवय नव्हती त्याला.

मंग आई बोलली. तीस वर्षांत ती दारात उभी राहून मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही. "कोकणाचं न्हाई हे. मी कोकणातली न्हाई. मी पोलंडची हाय. आमच्यात लेकी-जावयाला मीठभाकर खायाला देत्यात. मी ओवाळलं न्हाई, दृष्ट काढली न्हाई. खायाला देऊन राह्यले."

मी सरांकडं बघत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल आशा वाटली. ज्या देशावर हा इतके महिने बोलला, त्या देशातलं जितंजागतं माणूस ह्याच्यासमोर उभं होतं, हातात भाकर घेऊन. विचारेल, गाव कोणतं. विचारेल, त्या गाडीच्या डब्यात काय झालं, रशियात काय झालं. निदान म्हणेल, बाई, मी तुमच्या तोंडावर तुमच्या देशाला चूक म्हणालो. विद्वान माणूस आहे, काहीतरी विचारेल.

सरांनी विचारलं, "म्हणजे जात कोणती यांची?"

"पोलिश," आई म्हणाली.

"तो देश झाला. जात?"

आईला प्रश्नच कळेना. ती काकांकडं बघायला लागली. काका जमिनीकडं. सर म्हणाले, "वकीलसाहेब, ही शुद्ध फसवणूक आहे. मला समाजात चारचौघांत तोंड दाखवायचं असतं." हा समाज म्हणजे कोणता? वाचनालयाच्या माडीवरचा? थू त्या अभ्यासावर! तिकडच्या मजुरांना अक्कल शिकवणारं हे तोंड आणि इकडं ज्वारीच्या तुकड्याला भ्यालं.

मी नवऱ्याकडं वळले. अजून काही बिघडलं नव्हतं. तो एक वाक्य बोलला असता तरी पुरे होतं, 'बाबा, मला सगळं माहीत आहे, हिनं मला आधीच सांगितलंय.' मी त्याला म्हणाले, "सांगा ना तुम्ही बाबांना."

तो माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं मान खाली घातली, ती हसण्यासाठी नव्हे. "मला काय माहीत, बाबा?" तो म्हणाला. "मला कुणी काही बोललं नाही."

एवढंच. अगदी मऊ आवाजात.

आईला ठाऊक होतं की मी त्याला सांगितलेलं आहे. स्टेशनवरनं आल्या आल्या मी तिला सगळं सांगितलं होतं आणि ती दिवसभर गुणगुणत होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. राग नाही, काही नाही. घाईघाईनं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, जावईबापू. नका खाऊ. चूक झाली म्हातारीची. तुमच्या रीतीनं करते. या, आत या."

आणि तिनं तांब्या उचलला. तोच मीठ लावलेला तुकडा हातात घेऊन ती आमच्यावरून ओवाळायला लागली. धुळीतली भाकर उचलून ओठाला लावणारी बाई, घरात कधी एक कोर वाया जाऊ न देणारी, माझं घर मोडू नये म्हणून भाकर फेकायला निघाली होती. एकदा ओवाळलं, दोनदा ओवाळलं. फेकण्यासाठी हात मागं नेला तेव्हा तिचा चेहरा असा झाला, की मला तो बघवेना. सर मान हलवत होते, बराबर आहे म्हणून. नवरा एक पाऊल पुढं सरकला, आता आत यायला हरकत नाही म्हणून.

मी आईचं मनगट धरलं.

"सोड," ती पुटपुटली. "पोरी, सोड. तुझ्या संसाराचं हाय. एक तुकडा हाय गं नुस्ता."

मी सोडलं नाही. तिची बोटं उघडून तो तुकडा घेतला आणि खाल्ला. ओवाळलेला, सगळ्या गल्लीची दृष्ट उतरलेला, त्याच्या वाटचा. खारट होता. नीट चावून खाल्ला, गिळला, आणि मग त्याच्याकडं वळले. लग्न झाल्यापासून मी त्याला अहो-जाहो करत होते.

"तू जा," मी म्हणाले.